हे खरे आहे काय?

कर्जत-खालापूरच्या माणसाला ‘तुमचा खासदार कोण?’ असं विचारलं, की तो आधी भूगोल सांगायला बसतो. जिल्हा रायगड, पण रायगडचा खासदार आमचा नाही. आमचा खासदार मावळचा, आणि मावळ घाटावर, पुणे जिल्ह्यात. २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेत घाटाखालचे पनवेल, कर्जत, उरण आणि घाटावरचे मावळ, चिंचवड, पिंपरी असे सहा विधानसभा मतदारसंघ एकत्र आले आणि त्यांचा एक लोकसभा मतदारसंघ झाला. मध्ये बोरघाट. त्यामुळे आमचा जिल्हाधिकारी अलिबागला, खासदार पिंपरी-चिंचवडकडचा, नोकरी मुंबईला, आणि तलाठी कुठे असतो ते अजून कोणाला कळलेलं नाही.

रायगडच्या खासदाराबद्दलही आम्हाला मत असतंच. मतदान नसलं तरी मत असायला कोण अडवतंय? २०१४ साली रायगडात अनंत गीते सुनील तटकऱ्यांवर अवघ्या २,११० मतांनी निवडून आले आणि तटकऱ्यांच्याच नावाच्या एका अपक्षानं नऊ हजारांवर मतं घेतली, तेव्हा कर्जत स्टेशनच्या तीन नंबर प्लॅटफॉर्मवर त्याचं विश्लेषण जेवढं झालं तेवढं अलिबागेतही झालं नसेल. आमच्या स्वतःच्या मतदारसंघाबद्दल मात्र आम्ही थोडे सावध असतो. २०२४च्या विधानसभेला पनवेल आणि चिंचवड या दोन्ही मतदारसंघांत सहा-सहा लाखांच्या वर मतदार होते, कर्जतला तीन लाखांच्या आसपास. म्हणजे घरात आम्ही शेंडेफळ, तेही लाडकं नसलेलं. अशा वेळी मोठ्यांनी आपल्याला किती वेळ दिला याचा हिशोब धाकटाच ठेवतो.

तो हिशोब आमच्याकडे रीतसर ठेवला जातो. खोपोलीकडे आमचे एक स्नेही आहेत. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. कारखान्यातून निवृत्त झाले, स्टोअरला होते, त्यामुळे आवक-जावक लिहिल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. भाऊंकडे लाल कापडी बांधणीची लांब वही आहे. तिच्यात तालुक्यातल्या झाडून सगळ्या लोकप्रतिनिधींची हजेरी आहे. संसदेतली नाही, आमच्यातली. रकाने असे : तारीख, प्रसंग, आले की नाही, किती वेळ, आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा : काय घेतलं.

या शेवटच्या रकान्यावर भाऊंची श्रेणीपद्धत उभी आहे. ‘जेवले’ म्हणजे पहिला वर्ग. पंगतीत बसून जेवले तर विशेष प्रावीण्य, बुफेत ताट हातात धरून फोनवर बोलले तर नुसता पहिला वर्ग. ‘चहा’ म्हणजे दुसरा. ‘पाणी’ म्हणजे काठावर पास. ‘गाडीतूनच नमस्कार’ म्हणजे नापास, पण पुन्हा बसायची संधी. त्याखाली ‘माणूस पाठवला’. आणि सगळ्यात तळाला ‘फोन आला’. प्रसंगांनाही भारांक आहेत. लग्नाला येणं सोपं, कारण तिथे हजार माणसं एका वेळी भेटतात. सत्यनारायणाला येणं मध्यम. दहाव्याला नदीवर येणं सर्वांत कठीण, त्याला भाऊ दुप्पट गुण देतात. “दहाव्याला फोटोग्राफर नसतो हो,” ते म्हणतात, “तिथे जो येतो तो खरा.” अलीकडे दहाव्यालाही फोटोग्राफर दिसायला लागल्यापासून हा गुणांक त्यांनी दीडपट केला आहे.

या वहीला आव्हान मिळालं ते त्यांच्याच घरातून. पुतण्या कर्जत लोकलनं रोज सीएसएमटीला जातो. बसायला जागा मिळाली की झोपतो आणि नाही मिळाली की वाचतो. अशाच एका उभ्या प्रवासात त्याला पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेचा शोध लागला. २००५ साली सुरू झालेली ही दिल्लीची संस्था प्रत्येक खासदाराची हजेरी, विचारलेले प्रश्न, चर्चेतला सहभाग आणि मांडलेली खासगी विधेयकं असा तक्ता देते, शेजारी राज्याची आणि देशाची सरासरी. पुतण्यानं तो तक्ता काकांसमोर धरला.

“काका, ही खरी वही. आपले बारणे बघा. सोळाव्या लोकसभेत हजाराच्या वर प्रश्न आहेत त्यांचे.”

भाऊंनी चष्मा लावला, तक्ता डावीकडून उजवीकडे वाचला आणि म्हणाले, “दहाव्याचा रकाना कुठाय यात?”

आता न्याय दोघांनाही दिला पाहिजे. श्रीरंग बारणे २०१४, २०१९ आणि २०२४ असे तीनदा मावळातून निवडून आले, आणि प्रश्नांच्या बाबतीत ते देशातल्या आघाडीच्या खासदारांत राहिले. त्यांना संसदरत्न पुरस्कार मिळाला, एकदा नाही, अनेकदा. कर्जतच्या चारफाट्यावर ‘संसदरत्न’ ही उपाधी फ्लेक्सवर नावाच्या आधी इतकी नेमानं येते, की काही मुलांना ते त्यांचं पहिलं नाव वाटतं. पुष्कळ लोकांना हा सरकारी पुरस्कार वाटतो. तो सरकारी नाही. चेन्नईच्या प्राइम पॉइंट फाउंडेशननं अब्दुल कलामांच्या सूचनेवरून २०१० साली तो सुरू केला, आणि त्याचा पाया पीआरएसचीच आकडेवारी आहे : प्रश्न अधिक सुरू केलेल्या चर्चा अधिक खासगी विधेयकं, बेरीज करा. या बेरजेत महाराष्ट्र नेहमी पुढे असतो. सुप्रिया सुळे असोत की बारणे, प्रश्न विचारण्यात आपल्याला तोड नाही. उत्तरांची बेरीज कोणी करत नाही, म्हणून तिथे आपला क्रमांक कितवा हे कळायला मार्ग नाही.

प्रश्न विचारणं हे वाटतं तितकं सोपं नाही, हेही सांगितलं पाहिजे. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. कोणाचे घ्यायचे ते चक्क सोडतीनं ठरतं. सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून उत्तर देतात, म्हणून त्याला मान. पण प्रश्नोत्तरांच्या तासात वीसपैकी मोजकेच प्रश्न पुकारले जातात, बाकीचे कागदावर उत्तरून मोकळे. अतारांकिताला तर फक्त लेखी उत्तर. शिवाय एकाच विषयावर अनेक सदस्यांच्या सूचना आल्या की त्या एकत्र करून एकाच प्रश्नाखाली सगळ्यांची नावं छापतात. लग्नपत्रिकेतल्या ‘आपले नम्र’सारखी नावांची रांग उभी राहते, आणि तक्त्यात प्रत्येकाच्या खात्यावर एकेक प्रश्न जमा होतो. भाऊंना ही पद्धत एकदम पटली. एका आहेरावर पाच नावं घालण्याची प्रथा आमच्याकडे आधीपासून आहे.

आकडा दिसू लागला की माणूस आकड्यासाठी वागू लागतो, आणि हा काही आपलाच दोष नाही. ब्रिटनमध्ये २००४ साली ‘दे वर्क फॉर यू’ नावाचं संकेतस्थळ निघालं. कोण किती बोललं, कोणी कशावर मत दिलं, सगळं उघडं. दोनेक वर्षांतच तिथल्या वर्तमानपत्रांत तक्रार आली, की काही खासदार आपला आकडा फुगावा म्हणून उगाच उभे राहून दोन वाक्यं बोलून बसतात. म्हणजे साहेबसुद्धा. आपल्याकडे हे प्रकरण दोन पावलं पुढे गेलं. डिसेंबर २००५मध्ये छुप्या कॅमेऱ्यांनी दाखवलं, की पैसे घेऊन प्रश्न विचारले जातात. २३ डिसेंबरला अकरा खासदारांची हकालपट्टी झाली, त्यांतले दोघे महाराष्ट्रातले. पत्रकारांनी मुद्दाम वेड्यावाकड्या प्रश्नांच्या सूचना तयार करून दिल्या होत्या. त्यातला एक असा होता, की रेल्वे मंत्रालयानं जर्मनीकडून ‘योसेरियन’ नावाचं डिझेल-विजेवरचं इंजिन मागवलं आहे काय? योसेरियन हा जोसेफ हेलरच्या ‘कॅच-२२’ या कादंबरीचा नायक. ते वाचून पुतण्या हसत सुटला. भाऊ मात्र गंभीर झाले. “म्हणजे आपल्या गाडीला इंजिन मिळावं म्हणून विचारत नाहीत, आणि नसलेल्या इंजिनाचं विचारतात,” ते म्हणाले.

आमच्या विधानसभेच्या प्रश्नांची मला स्वतःला जास्त गोडी आहे, कारण ते मराठीत असतात आणि त्यांना एक घडीव रूप आहे. पहिलं वाक्य लांबलचक आणि शेवटी : ‘हे खरे आहे काय?’ दुसरं : ‘असल्यास, शासनाने याबाबत कोणती कार्यवाही केली?’ आणि शेवटचं, भैरवीसारखं : ‘नसल्यास, विलंबाची सर्वसाधारण कारणे काय आहेत?’ उत्तरंही तितकीच घडीव. ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’ ‘विलंब झालेला नाही.’ या तीन उत्तरांत महाराष्ट्राचा सगळा कारभार बसतो. घरी हे वापरून पाहावं. दूध उतू गेलं हे खरे आहे काय? अंशतः खरे आहे. असल्यास, गॅस बंद का केला नाही? प्रश्न उद्भवत नाही. आमच्या घरात हा प्रयोग फार दिवस चालू दिला गेला नाही.

पण या घडीव भाषेचं हसू प्रत्येक वेळी येत नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या पायथ्याची इरशाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि शोध थांबवावा लागला. तेव्हा मुंबईत विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन चालू होतं आणि दिल्लीत संसदेचं दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे माणसं हजर होती, सह्या झालेल्या होत्या. सभागृहात सांगितलं गेलं, की दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं. यादीत नव्हतं म्हणून तिच्यावर कोणी प्रश्न विचारला नव्हता, आणि प्रश्न नव्हता म्हणून उत्तर नव्हतं. भाऊंच्या वहीत त्या आठवड्याचं पान कोरं आहे. कोण आलं, कोण नाही, त्यांनी लिहिलं नाही. मी विचारलंही नाही.

हजेरीकडे वळू. संसदेत हजेरी म्हणजे वर्षानुवर्षं नोंदवहीत सही असायची. सही केल्याशिवाय दैनिक भत्ता मिळत नसे. हा भत्ता २,००० रुपये होता तो २,५०० झाला, आणि पगार एक लाखावरून १,२४,००० वर गेला. मार्च २०२५मध्ये अधिसूचना निघाली आणि वाढ एप्रिल २०२३पासूनची. दोन वर्षांची थकबाकी एकरकमी, हे वाचून लोकलच्या डब्यात खासगी नोकरीवाले बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. सही करून माणूस सभागृहात बसला, की जुन्या इमारतीतल्या सेंट्रल हॉलमध्ये टोस्ट खायला गेला, हे तक्त्यात यायचं नाही. मंत्री आणि विरोधी पक्षनेते सहीच करत नाहीत, म्हणून त्यांच्या हजेरीचा रकाना रिकामा असतो. मंत्री प्रश्नही विचारत नाहीत, कारण उत्तरं त्यांनीच द्यायची.

यावरून एक गंमत लक्षात येते. आमच्या या जिल्ह्याचं जुनं नाव कुलाबा. १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर गेले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नात्याचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री. आजच्या तक्त्यात त्यांना घाला. हजेरी : लागू नाही. प्रश्न : शून्य. खासगी विधेयकं : शून्य. संसदरत्नाच्या यादीत ते शोधूनही सापडणार नाहीत. त्यांनी केलं एवढंच, की मुंबई महाराष्ट्राला द्यायला केंद्र तयार नाही हे पाहिल्यावर १९५६मध्ये अर्थमंत्रिपद सोडलं. राजीनाम्याचा रकाना पीआरएसकडे नाही आणि भाऊंच्या वहीतही नाही. अलीकडे त्याची गरज पडली नसावी.

आता मुख्य गोष्ट : मतदान. आपण मतदान करतो ते कोणाला हे गुप्त. तो संसदेत काय मतदान करतो हे उघड असायला हवं. पुतण्यानं हाच रकाना शोधायला घेतला, आणि दादर ते कर्जत एवढ्या प्रवासात तो त्याला सापडला नाही, कारण तो बहुतेक वेळा नसतोच. आपल्याकडे बहुतांश विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, बाजूनं कोण? एक आवाज. विरोधात कोण? दुसरा आवाज. अध्यक्षांच्या कानाला पहिला मोठा वाटला की झालं. नावनिशीवार मोजणी कोणी मागितली तरच होते. ब्रिटिश सभासद मोजणीसाठी आपली जागा सोडून ‘होय’च्या नाहीतर ‘नाही’च्या दालनातून चालत जातात, त्यामुळे कोण कुठून गेलं हे लिहिलं जातं. आपण क्रिकेट घेतलं, चहा घेतला, चालायचं तेवढं राहून गेलं.

मोजणी झाली तरी फार काही कळेल असं नाही. १९८५च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आलं. पक्षाचा आदेश मोडून मत दिलं आणि पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकीच धोक्यात. पक्षांतर थांबावं म्हणून हा कायदा केला. महाराष्ट्रात पक्षांतर किती थांबलं ते आपण २०२२ आणि २०२३मध्ये पाहिलं, पण आपल्या मनानं एखाद्या विधेयकावर मत देणं मात्र चोख थांबलं. त्यामुळे आपला खासदार कशाच्या बाजूनं होता हे शोधायला दिल्लीची कागदपत्रं चाळायची गरज नाही, त्याचा पक्ष कोणता एवढं कळलं की पुरे. आणि मावळात तोच प्रश्न जास्त अवघड आहे. एकच चिन्ह, दोन गट, तीन निवडणुका, खासदार तोच.

कधीकधी मात्र मोजणी होते आणि मजा येते. १७ एप्रिल १९९९ला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं, तेव्हा एका खासदाराची किंमत देशाला कळली. २० सप्टेंबर २०२३ला महिला आरक्षणाचं विधेयक नव्या संसदेत ४५४ विरुद्ध दोन असं मंजूर झालं. ते दोन म्हणजे हैदराबादचे असदुद्दीन ओवैसी आणि औरंगाबाद मतदारसंघाचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. पटो न पटो, ४५६ जणांत या दोघांचं मत कुठलाही तक्ता न पाहता लोकांच्या लक्षात राहिलं. त्या दिवशी मतदान कागदी चिठ्ठ्यांवर झालं. इतकी नवी इमारत, आणि शेवटी चिठ्ठीच. ग्रामपंचायतीच्या माणसाला हे ऐकून फार बरं वाटलं.

खर्चाच्या बाबतीत आमच्या तालुक्यात एक ठाम समज आहे : “खासदाराला वर्षाला पाच कोटी मिळतात.” हे असं म्हणताना सांगणारा नकळत खिशाला हात लावतो. हे पाच कोटी म्हणजे खासदार स्थानिक क्षेत्र विकास निधी. ही योजना डिसेंबर १९९३मध्ये, नरसिंह रावांच्या काळात सुरू झाली, आणि रक्कम पाच कोटी झाली २०११मध्ये. ते खासदाराच्या हातात येत नाहीत. तो काम सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाचा. सहा विधानसभा मतदारसंघांत सारखे वाटले तर कर्जत-खालापूरच्या वाट्याला ८३ लाख येतात. त्यात माथेरानही आलं, नेरळही, खोपोलीही, आणि डोंगरातल्या ठाकरवाड्या नि कातकरवाड्याही. निधीचा साडेसात टक्के भाग आदिवासी भागासाठी आणि पंधरा टक्के अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी सुचवायचा असा नियम आहे. कोविडमध्ये एप्रिल २०२०पासून हा निधीच बंद होता, तो नोव्हेंबर २०२१मध्ये परत आला. तेव्हाही चारफाट्यावर ‘खासदार निधीतून’ अशा पाट्या दिसत होत्याच. त्या कुठल्या वर्षीच्या हे पाटीवर वाचायला फार जवळ जावं लागतं.

पाटीचं मात्र नियमातच आहे. कामाच्या जागी निधीचं नाव, खासदाराचं नाव, खर्च, सगळं लिहायचं. म्हणून रस्त्याकडेच्या बसथांब्यावर खासदाराचं नाव दुरून दिसतं, आणि गाव कुठलं हे उतरल्यावर विचारावं लागतं. काही थांबे फार सुंदर आहेत. बसायला ग्रॅनाइट, वर पत्रा, मागे मोठा फोटो. एसटी तिथे थांबत नाही एवढंच. जुन्या थांब्यावर, म्हणजे वडाखाली, थांबते. तिथे थांबायची तिला सवय आहे.

यावर कोणी फार चिडला, तर त्याला २००९चा ब्रिटन सांगावा. ‘डेली टेलिग्राफ’नं खासदारांच्या खर्चाची बिलं छापली तेव्हा सर पीटर व्हिगर्स नावाच्या खासदारानं आपल्या तळ्यातल्या बदकांसाठी १,६४५ पौंडांचं तरंगतं घर दाखवल्याचं निघालं. ती रक्कम त्यांना मंजूर झाली नाही. पुढे त्यांनी सांगितलं, की बदकांना ते घर कधी आवडलंच नाही. हे वाचल्यावर आमच्या बसथांब्याबद्दलचं माझं मत बरंच निवळलं. बदकं आणि एसटी, दोघांनाही आपली जागा स्वतः निवडायला आवडते. आमदारांचा हिशोब ठेवणं तर खासदारांच्या हिशोबाहून अवघड. मुंबईच्या आमदारांचं प्रगतिपुस्तक प्रजा फाउंडेशन काढतं, सभागृहातली हजेरी, प्रश्न, प्रश्नांचा दर्जा, सगळं त्यात असतं. पण ते प्रगतिपुस्तक मुलुंडला उतरतं. पुढची गाडी कर्जतची असली तरी त्याच्याकडे पास तिथपर्यंतचाच आहे.

श्रेयाचा हिशोब मात्र आम्ही फुकट ठेवतो, कारण तो फ्लेक्सवर छापूनच येतो. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेचं उदाहरण घ्या. सुमारे २९ किलोमीटरचा मार्ग, मध्ये चौक, मोहोपे, चिखले ही स्टेशनं, वावर्ल्याजवळ अडीच किलोमीटरहून लांब बोगदा. एमयूटीपी-३ला केंद्रीय मंत्रिमंडळानं डिसेंबर २०१६मध्ये मान्यता दिली, त्यात हे काम आलं. मान्यता मिळाली तेव्हा ‘अथक पाठपुराव्याला यश’. भूसंपादन झालं तेव्हा ‘पाठपुराव्याला यश’. बोगदा आरपार झाला तेव्हा पुन्हा. फोटोंची संख्या प्रत्येक टप्प्यावर वाढत गेली, आणि वेगवेगळ्या पक्षांच्या फ्लेक्सवर पाठपुरावा मात्र एकट्यानंच केलेला. ज्या प्रवासी संघटनांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली, कल्याणच्या वळशाला शिव्या देत देत सह्या गोळा केल्या, त्यांचा फोटो कुठेच नाही. कर्जतला गाडी थांबते तेव्हा मागे बँकर इंजिनं जोडतात. घाट चढवतात ती, लोणावळ्याला सुटतात, आणि गाडीचं नाव पुढच्यावरच राहतं. प्रवासी संघटनांची माणसं तशी. दिवाडकरांचा वडा खाऊन होईपर्यंत प्रवाशाला मागे काही जोडलं आहे याचा पत्ता नसतो.

तर पुतण्याच्या आग्रहानं भाऊंनी या वर्षी वही सुधारली. नवे रकाने पाडले : संसदेतले प्रश्न, उत्तरं, मतदान, निधी, पाठपुरावा. पहिले दोन त्यांनी पीआरएसवरून आणि लोकसभेच्या संकेतस्थळावरून भरले. मतदानाच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी ‘आवाजी’ असं लिहून खाली ‘वरीलप्रमाणे’ची खूण करत नेली, किराणा दुकानात करतात तशी. निधीच्या रकान्यात पाट्या वाचून आकडे घातले. त्यासाठी पुतण्याला स्कूटरवरून कशेळ्यापासून चौकापर्यंत फिरवलं. पाठपुराव्याचा रकाना सगळ्यांत आधी भरला. तिथे जागा अपुरी पडली, म्हणून पान चिकटवलं.

वहीची बातमी पसरली. पसरणारच होती, कारण भाऊ स्वतःच सांगत होते. एका संध्याकाळी एका पक्षाचा तालुका पातळीवरचा एक कार्यकर्ता घरी आला. गळ्यात चेन, हातात पेढ्यांचा पुडा. मी तिथेच होतो. भाऊंच्या पाया पडून तो चटईवर बसला.

“भाऊ, तुमच्या वहीबद्दल ऐकलंय. मोठं काम करताय.”

“घ्या, पाणी घ्या,” भाऊ म्हणाले.

त्यानं पाणी नाकारलं. आपला स्वतःचाही रकाना असेल, या शंकेनं असावं. मग थोडा पुढे सरकून म्हणाला, “ते चौकच्या लग्नाचं जरा बघता का? साहेबांच्या नावापुढे ‘गाडीतूनच नमस्कार’ आहे म्हणतात. साहेब उतरणारच होते, पण मागे ट्रॅफिक होता. एक्स्प्रेसवेचं तुम्हाला माहिताय. ‘चहा’ केलं तर बरं होईल. चहा त्यांनी नंतर घेतलाच होता. फूड मॉलला.”

भाऊंनी वही उघडली. पान शोधलं. चष्मा पुसला. बोट नोंदीवर ठेवून बराच वेळ वाचत राहिले.

“नोंद अंशतः खरी आहे,” ते म्हणाले.

“मग?”

“तपासून घेऊ. बैठक लावतो.”

“कधी लावता?”

भाऊंनी पेढ्यांचा पुडा त्याच्याकडे परत सरकवला आणि मला म्हणाले, “तारीख लिही रे. आणि शेवटच्या रकान्यात ‘पाणीही नाही’ असं लिही.”